जुबैदाभाभीचे अकरा सालदार

लोक मले विचारतात, "विमलताई, जुबैदाभाभीनं बाईमाणूस असून फुटबॉलची टीम कशी चालवली वो?" मी म्हणते, मले नका विचारू, माह्यं डोस्कं तापते. टीम तिनं चालवली हे खरं हाये. पण ते चालवताना आजूबाजूच्या माणसाईचं काय झालं, हे कोणीच विचारत नाई. उमरखेडच्या स्टँडमांगं तिचं वर्कशॉप, अन् वर्कशॉपच्या भिंतीले लागून माह्यी खानावळ. मधात एक खिडकी. त्या खिडकीतून त्या बाईनं माह्या जिवाले जो घोर लावला, तो माह्या सासूनंही नाई लावला.

भाभी मुकुटबनची. बाप गावोगाव फिरून गाद्या भरून देणारा पिंजारी. लग्न होऊन इकडे आली तं नवरा भेटला अय्यूबभाई. माणूस लाखात एक, पण फुटबॉलचं भलतं खूळ. जवानीत कामठीले मामाकडे राह्यला, तिथून ते खूळ घेऊन आला. तो अन् लहान भाऊ जुनेद, दोघाईनं मिळून फवारणीचे पंप अन् ट्रॅक्टर दुरुस्त कराचं दुकान टाकलं, अन् दुकानाच्या जिवावर टीम काढली. पुढं विदर्भात पगारी टीमाईची लीग निंगाली, तं हा त्यातही घुसला. बाकीच्या टीमा बिल्डराईच्या, कारखानेवाल्याईच्या. आमची एकटी घरची टीम, अर्धी अय्यूबभाईची, अर्धी जुनेदची. बॉलमधी हवा भराची ती बी ट्रॅक्टरच्या टायरवाल्या कंप्रेसरनं. असा सगळा कारभार.

जुनेद गोलकीपर होता. चांगला होता. मंग एक दिवस तो ग्राउंडवर गेला तं गोलात दुसराच पोट्टा उभा. बादल नावाचा, तांड्यावरचा, पूनमसिंगचा पोरगा. अय्यूबभाईनं सख्ख्या भावाले ना सांगतलं, ना विचारलं. जुनेद तसाच वापस आला, हातमोजे कंप्रेसरवरच्या खिळ्याले अडकवले, अन् त्या दिवसापासून ग्राउंडचं तोंड पाह्यलं नाई. मोजे तसेच लटकून राह्यले. धूळ झटकाची बी कोणाची हिंमत नाई. या घरात मनातलं बोलाची रीतच नव्हती, तोंड फक्त जेवाले.

मंग एका पावसाळ्यात अय्यूबभाई पंप खोलता खोलता बसल्या जागी गेला. नवरा गेल्यावर घरात बसाची भाभीची इद्दत सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बुरखा घालून, पायात स्लीपर, थेट ग्राउंडवर. ग्राउंड म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं आवार. पह्यले तिथं कापसाच्या गंज्या लागत. मंग कपाशीवर लाल्या रोग आला, भाव पडले, जिनिंगले कुलूप लागलं, अन् पोट्ट्याईले खेळाले जागा झाली. भाभीनं तिथं जाऊन एवढंच म्हटलं, "उद्यापासून प्रॅक्टिस." अन् आली वापस, जशी काही भाजी घेऊन आली.

जुनेद भडकला. त्याले तं टीम विकाची होती. यवतमाळचा एक शेठ होता, त्याची एक टीम लीगमधी होतीच, पण दुसऱ्या टीमसाठी आमची बी जागा त्याले पाह्यजे होती. दोघं दीर-भावजय माह्या खिडकीसमोर भांडले. शेवटी जुनेद म्हणाला, "ठीक हाये भाभी, चालवा. पण एकाही मॅचले अकराच्या जागी दहा उतरले, त्या दिवशी टीम विकाची."

"मंजूर," भाभी म्हणाली.

मी पोळपाट सोडून खिडकीत आली. "अवो भाभी, मंजूर काय? पोट्टे हायेत ते! कोणाले ताप येते, कोणाची आजी मरते!"

"आता बोलली मी, ताई."

घ्या. बोलली! जसा काही ब्रह्मदेवानं लेख लिहिला.

ऑफसाइड काय असते हे तिले शेवटपर्यंत समजलं नाई. मलेही नाई समजत, पण मी टीम नाई चालवत ना. टीम कशी निवडे, सांगू? पोट्टे माह्याकडे जेवत. भाभी खिडकीतून ताटं पाहे. ज्यानं ताटात टाकलं, त्याचं काहीतरी बिनसलं हाये, त्याले पुढं नको, मांगं ठेवा. अन् सगळ्याईनंच टाकलं तं म्हणे, "ताई, भात कच्चा राह्यला तुमचा." माह्या भाताले नावं! माह्या भाताले उभ्या उमरखेडात कोणी नावं नाई ठेवली.

पण खरी गंमत पुढंच हाये. अय्यूबभाई गेला तसा पूनमसिंग पोराले घ्याले आला. पूनमसिंगनं अर्धी जिंदगी लोकाच्या वावरात साल केलं. आता कापसाचं हे असं झालं तं शेतकऱ्याईनं सालदार ठेवणंच बंद केलं, अन् अर्धा तांडा ऊस तोडाले जाऊन राह्यला होता. तो म्हणाला, "भाभी, मालक गेला. पोट्ट्याले उसावर नेतो." मंग दाराशी थांबला. "का तू ठेवतं सालानं?"

भाभी म्हणाली, "ठेवते."

मले पह्यले वाटलं मजाक चालू हाये. मजाक कायचा! साल म्हणजे पाडव्याले मालक अन् गडी बोलीनं बांधले जाणार, थेट पुढच्या पाडव्यापर्यंत. पगार, ज्वारी, कपड्याची जोडी, पायात जोडा. मधात मालकानं काढाचं नाई, गड्यानं सोडाचं नाई. साल चालू असताना दुसऱ्या मालकानं गड्याच्या दारात जायचं नाई, ते लय हलकं काम. पाडव्याले मालक म्हणणार, "साल पुरं झालं, राजीखुशी जा." अन् दुसऱ्या दिवसापासून ज्याले पाह्यजे त्यानं विचाराचं, "यंदा साल कोणाकडं?" आमच्या बाईनं हे जसंच्या तसं उचललं अन् फुटबॉलले लावलं! ज्वारीसकट! जोड्याच्या जागी तेवढे स्टडवाले बूट.

मी म्हटलं, "भाभी, खेळाडू हायेत ते, बैल धुणारे सालदार हायेत का?"

"त्याईच्या मायबापाले हेच समजते, ताई. मलेही हेच समजते."

पाहता पाहता सगळे अकरा सालानं लागले. तांड्यावरच्या बाया पोट्ट्याले टीव्हीत नाव येते का हे नव्हत्या विचारत. साल कोणाकडं, एवढंच विचारत, अन् उत्तर आलं की निचिंत होत. पोट्टे भाभीले याडी म्हणत, त्याईच्या बोलीत आई. मी म्हटलं, एखादा जास्तीचा ठेव, कोणाचा पाय मुरगळला तं? म्हणे, "बसून खाणारा सालदार कोण ठेवते?" बरोबर अकरा. ना एक वर, ना एक खाली. मॅचच्या सकाळी मीच दोन-दोनदा पोट्टे मोजत असे. अशी दोन-तीन सालं गेली. तापात खेळले, खरचटलेल्या पायानं खेळले, पण अकराच्या अकरा दर वेळी उतरले, अन् एका वर्षी टीम चक्क फायनलले गेली. समोर कोण? तोच यवतमाळचा शेठ.

अन् इथं माशी शिंकली. फायनल होती पाडव्याच्या पंधरवडाभर आधी. कोणीतरी मंत्री आला, यवतमाळच्या ग्राउंडवर मंडप पडला, फायनल पुढं ढकलली. भाभीनं नवी तारीख ऐकली, "बरं" म्हणाली, अन् पंप खोलत बसली. मी बाजारात पाडव्याच्या साखरगाठी घेऊन राह्यली होती, तिथं माह्या डोक्यात ट्यूब पेटली. तशीच पळत आली.

"भाभी! फायनल पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी!"

"हो मंग?"

"हो मंग काय? पाडव्याले साल संपते! फायनलच्या दिवशी तुह्या टीममधी एकही माणूस तुह्या सालात नाई!"

तिच्या हातातला पाना तसाच राह्यला. इतक्या वर्षांत त्या बाईचा चेहरा उतरलेला मी पह्यल्यांदा पाह्यला. मले बरं वाटाले पाह्यजे होतं, पण नाई वाटलं.

शेठच्या मात्र हे आधीच ध्यानात आलं होतं. ही खबर त्याले कोणी दिली, ते मी सांगाची गरज नाई. खिळ्याले मोजे कोणाचे होते, ते पाहा. शेठले पोट्टे खेळवाचे नव्हतेच, मधातून टीम बदलून खेळताच येत नाई. त्याले फक्त एवढंच पाह्यजे होतं, की आमच्याकडून अकरा उतरू नये. पाडव्याच्या आदल्या दिवशी दूधवाल्यानं सांगतलं, शेठची जीप तांड्यातांड्यानं फिरून राह्यली, दुप्पट पगार अन् नवे बूट घेऊन.

मी भाभीचा हात धरला. "चाल, आत्ताच्या आत्ता ऑटो करू. एकेकाच्या घरी जाऊ, पुढच्या सालाचं पक्कं करून येऊ."

"नाई."

"काहून नाई?"

"साल चालू हाये त्याईचं. चालू सालात पुढच्या सालाचं काढत नाई. मालकानंही नाई."

"अवो, तो शेठ काढून राह्यला ना!"

"तो काढते म्हणून मी बी काढू?"

सांगते, त्या वक्ताले माह्या हातात लाटणं होतं, ते मी कसं आवरलं माह्यं मले माहीत. टीम जाऊन राह्यली, नवऱ्याची आखरी निशाणी जाऊन राह्यली, अन् ही बाई रीत पाळत बसली! मी चिडून म्हटलं, "मर मंग." हो, म्हटलं मी. सणाच्या तोंडावर.

पाडव्याले दुपारी अकराही पोट्टे जेवाले आले. स्वतःच्या घरची गुढी उभारून मी पुरणपोळ्या लाटत होती, का तं भाभीच्या घरी साल पुरं होते!  बादल तं मान खाली घालून होता, अन् त्याच्या ताटात अर्धी पोळी तशीच राह्यली. भाभीनं खिडकीतून ते पाह्यलं. मंग एकेकाचा हिशेब चुकता केला, ज्वारी दिली, अन् दर वेळी तेच, "साल पुरं झालं, बेटा. राजीखुशी जा." उद्या या, असं एकाले बी म्हटलं नाई. पोट्टे पाया पडून गेले. जुनेद कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा.

मंग ती माह्याकडे आली. हातात साडी. दर पाडव्याले ती मले एक साडी देत असे, मी आपली प्रेमाची म्हणून नेसत असे.

"विमलताई," ती म्हणाली, "तुमचंही साल पुरं झालं. राजीखुशी जा."

 म्हणजे मी तिची सालदार! इतके वर्षं! मी, जिचं स्वतःचं दुकान हाये, जिनं हिच्या पोट्ट्याईले ताप आला तं रात्रीची पेज करून घातली! साडी तिच्या अंगावर फेकून मारावी वाटली. नाई फेकली, चांगली होती. पण खिडकी लावून घेतली अन् अंदर बसून रडली, हे कायले लपवू? रागानं रडली. मनात म्हटलं, बरं झालं, सुटली. उद्या जाऊ दे तिले यवतमाळले रिकामा टेम्पो घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी काय केलं असन? पोळ्या केल्या. तेरा-चौदा माणसाच्या पोळ्या. कोणी सांगतलं होतं? कोणीच नाई. डबे बांधून बाहीर आली तं टेम्पो उभा, भाभी उभी, जुनेद उभा. अन् पोट्टा एक नाई.

ऊन चढाले लागलं. जुनेद घड्याळ पाहे. भाभी रस्ता पाहे. मी दोघाईकडे पाहून मनातल्या मनात शिव्या देत होती, दोघाईलेही.

मंग ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत पोट्टे, अन् समोर पूनमसिंग. तो उतरला, पागोटं सारखं केलं, अन् कोणी काही विचाराच्या आधीच बोलाले लागला. "परवा जीप आली होती, भाभी. मी सगळ्याईले सांगतलं, जो मालक पाडव्याच्या आधी दारात येते, तो पाडव्याच्या आधी हाकलून बी देते. त्याच्याकडं साल कराचं नाई. सगळ्याईनं ऐकलं." मंग त्यानं पागोटं काढून हातात घेतलं. "माह्याच पोट्ट्यानं नाई ऐकलं. बादल काल रात्री गेला जीपमधी."

दहा. मी मोजाच्या आधीच जुनेदनं मोजलं होतं.

भाभी ट्रॉलीजवळ गेली, अन् एकेकाले विचारलं, "यंदा साल कोणाकडं?" "तुह्याकडं, याडी." "बस." असं दहा वेळा. मंग ती वर्कशॉपमधी गेली, कंप्रेसरजवळच्या खिळ्याचे मोजे काढले, बुरख्याच्या बाहीनं धूळ पुसली अन् जुनेदसमोर उभी राह्यली.

"जुनेदभाई, यंदा साल कोणाकडं हाये तुमचं?"

एवढा मोठा बाप्या, मोज्याकडं पाहाले लागला. त्याचं नाव लीगमधी घरचा म्हणून पह्यल्या वर्षापासून होतंच, कोणी काढलंच नव्हतं. नुसतं उभं राह्यलं तरी टीम विकल्या जात होती, शेठचा सौदा पक्का होता. पण त्याले आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. भावानं काढलं तवा नाई, अन् त्याच्यानंतर बी नाई. सगळी ट्रॉली पाहून राह्यली होती. त्याचे डोळे भरून आले, अन् ते लपवाले तो माह्यावरच खेकसला, "डबे ठेवा ना टेम्पोत, उभ्या काय राह्यल्या!"

"कोणाकडं नाई," तो भाभीले म्हणाला.

"मंग बसा."

बसला. पोट सुटलेलं, बूट दुसऱ्याचे, वाटभर बोटं मोडत राह्यला.

मॅचचं काय सांगू? पाच गोल खाल्ले. सहावा त्यानं असा अडवला की स्वतःच आडवा झाला, अन् दोघाईनं उचलून उभा केला. मले वाटलं आता हा बी जाते अय्यूबभाईच्या मांगं. पण शिट्टी वाजेपर्यंत मैदानात अकरा होते. शेठनं कप उचलला, हार घातले, पण तोंड असं, जसं काही कडुनिंब खाल्ला. भाभी मात्र हरून बी पोट्ट्याईच्या पाठीवर थाप मारत फिरत होती. पाच गोल खाल्ले बाई, थोडं तरी वाईट वाटू दे!

बादल शेठच्या मंडपात बसला होता. नवे बूट पायात. मॅच झाल्यावर आला, भाभीच्या पाया पडला अन् रडाले लागला. मी म्हटलं, आता हाण एक. पण तिनं काय केलं? टेम्पोतून एक खोकं काढलं. त्याच्या मापाचे बूट, पाडव्यासाठी आणले होते, दुपारी द्याचे राहून गेले होते. "तुह्या मांगच्या सालाचे हायेत," म्हणाली. "घेऊन जा. नीट खेळ." पूनमसिंग दुसरीकडं पाहत उभा होता. बापाले पोराकडं पाहवत नव्हतं अन् तिथून हलवतही नव्हतं. 

वापस येताना टेम्पोत मी भाभीकडं पाठ करून बसली. यवतमाळ मांगं पडल्यावर तिनंच विचारलं, "राग आला का, ताई?"

"येणार नाई तं काय! मले पाडव्याले मोकळं करतं? सालदार होती का मी तुही?"

"मी तुम्हाले बांधून ठेवल्यासारखं वाटत होतं मले," ती म्हणाली. "तुम्हाले कधी विचारलंच नाई ना मी. अय्यूब गेला त्या दिवसापासून तुम्ही नुसत्या करत राह्यल्या. मी बी नुसती घेत राह्यली. म्हटलं, एकदा मोकळं करावं अन् मंग विचारावं."

"मंग विचार ना! कालपासून वाट पाहून राह्यली मी!"

मांगं पोट्टे झोपले होते. जुनेद कंबर धरून कण्हत होता. भाभीनं माह्या डब्याच्या पिशवीवर हात ठेवला. 

"विमलताई, यंदा साल कोणाकडं?"

 मनात आलं, लवकर हो म्हटलं तं ही मले स्वस्तातली समजन, म्हणून थोडा वेळ खिडकीबाहीर पाह्यलं.

"तुह्याकडं," म्हटलं. "पण भाताले नाव नाई ठेवाचं."

ती बाई विचारात पडली. खरंच विचारात पडली वो! 

"भाताचं पाहू, ताई," म्हणाली. "शिजला तं नाई ठेवणार."